तबकड्या आणि ‘चाल’चा रकाना : इंदूरच्या कामाच्या नोंदी

१२ एप्रिल

रामबाग भागातल्या एका जुन्या मराठी वाचनालयाच्या माळ्यावरून दोन पत्र्याच्या ट्रंका उतरवल्या. आत लाखेच्या, ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्या. दोनशेच्या आसपास असाव्यात. नाट्यपदं, अभंग, भावगीतं आणि १९६० पर्यंतची हिंदी-मराठी चित्रपटगीतं. काम दुहेरी ठरलं आहे. एक, प्रत्येक तबकडी संगणकावर उतरवायची. दोन, प्रत्येक गाणं कुठून आलं ते लिहायचं. नाटक कोणतं, चित्रपट कोणता, शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि त्या चालीमागे आणखी एखादी चाल आहे का.

इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदा इथल्या मराठी घरांत अशा ट्रंका अजून पुष्कळ आहेत. त्या उघडणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी.

तबकड्या एकावर एक आडव्या रचलेल्या होत्या. वरच्यांच्या भाराने खालच्या काही तडकल्या आहेत. लाखेची तबकडी नेहमी उभी ठेवावी, पुस्तकासारखी. सुताराकडून कपाटात आडव्या फळीवर उभे कप्पे पाडून घेतले, १४०० रुपये. कागदी पाकिटं कुजली होती, तीही बदलली. जुनं पाकीट मात्र फेकू नका. त्यावर दुकानाचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेलं नाव, कधी तारीख असते. आम्ही प्रत्येकाचा फोटो काढून पाकिटं वेगळ्या गठ्ठ्यात बांधून ठेवली.

१७ एप्रिल

धुलाई. स्पिरिट किंवा कोणताही अल्कोहोल असलेला द्रव लाखेच्या तबकडीला लावू नये. लाख त्यात विरघळते. एका फुटक्या तुकड्यावर करून पाहिलं, कापसाला काळा रंग आला आणि खाचांची चकाकी गेली. काच पुसायच्या फवाऱ्यातही अल्कोहोल असू शकतं, तोही बाद.

जमलं ते असं : डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल हात, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन सुती कापडाने लगेच टिपणं. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. त्यासाठी प्लास्टिकचं झाकण आणि रबरी चकती लावून एक पकड केली. चिरलेल्या तबकडीच्या चिरेत पाणी जाऊ द्यायचं नाही, ती नुसत्या ब्रशने झाडायची. दारातल्या नळाचं पाणी वापरून पाहिलं तर वाळल्यावर पांढरे डाग राहिले आणि तेच पुढे कचकच वाजले.

२५ एप्रिल

वाचनालयात चावीचा ग्रामोफोन आहे आणि तो चालतो. सगळ्यांना त्याच्यावरच ऐकायचं होतं. मी हट्टाने नाही म्हटलं. त्याचा साउंडबॉक्स, म्हणजे पिन बसते तो भाग, जड, पिन पोलादी, आणि प्रत्येक वाजवणीत खाच झिजते. पूर्वी घरोघरी एक पिन एका बाजूलाच वापरायची शिस्त होती ती याचसाठी.

७८ ची गती असलेलं जुनं टर्नटेबल ९५०० रुपयांना मिळालं. त्यात एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्यांची, सुई होती. त्या सुईने लाखेची तबकडी वाजते, म्हणून पुष्कळ लोक तशीच उतरवतात. पण ७८ ची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन घासते, तळातली माती आणि झीज तेवढी ऐकू येते, गाणं मागे पडतं. ७८ साठी साधारण ३ मिलची, म्हणजे एका इंचाच्या ३ हजारांश टोकाची सुई लागते. ती मागवली, २८०० रुपये, आणि यायला बराच वेळ गेला. त्याआधी उतरवलेल्या सगळ्या बाजू पुन्हा उतरवाव्या लागल्या. सुई हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका.

४ मे

गती. टर्नटेबलचा पट्टा सैल होता, नवा ६५० रुपयांचा. तरी गती बरोबर आहे हे कळणार कसं? त्यासाठी स्ट्रोबची, म्हणजे कडेला रेघा छापलेली, कागदी चकती असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो, मिनिटाला ६०००. चकतीवर ७७ काळ्या रेघा असतील आणि त्या दिव्याखाली स्थिर दिसल्या तर गती ७७.९२ आहे. ७८ ची व्यवहारातली गती हीच.

रेघा काही दिसेनात, नुसता राखाडी पट्टा. आम्ही टर्नटेबल उघडलं, मोटर पाहिली, तेल दिलं. दोष तिथे नव्हताच. खोलीत एलईडी दिवा होता आणि चांगल्या एलईडीचा उजेड तसा लुकलुकत नाही. रेडिओची कामं केलेले आमचे दादा आहेत, त्यांनी महाराणी रोडवरून स्विचबोर्डात असतो तसला निऑनचा इंडिकेटर आणला. खोलीत अंधार करून त्याच्या तांबूस उजेडात चकती धरली आणि रेघा जागच्या जागी उभ्या राहिल्या. या कामात सगळ्यात स्वस्तात मिळालेली वस्तू हीच.

१२ मे

उतरवलेल्या आवाजात घरघर येत होती. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि ती गेली. बॅटरीवरच उतरवायचं.

टर्नटेबलचा बारीक आवाज वाढवणारा प्रीअँप ३२०० रुपयांचा घेतला होता, तो पडून राहणार. कारण असं : तबकडी कापताना खालचे स्वर कमी आणि वरचे जास्त करून कापतात आणि वाजवताना उलट करतात. ते किती, याचं एकच प्रमाण साधारण १९५४ नंतर सर्वमान्य झालं. त्याआधी प्रत्येक कंपनीचं वेगळं. आजचा प्रीअँप सगळ्यांना नवंच प्रमाण लावतो, म्हणून १९४० ची गायिका घोंगडी पांघरून गातेय असं वाटतं. आता टर्नटेबलची तार सरळ इंटरफेसच्या (आवाज संगणकात नेणाऱ्या डबीच्या) माइकच्या तोंडाला लावून आवाज आहे तसा सपाट उतरवतो आणि ऑडॅसिटी या आवाजावर काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये नंतर सुधारतो. सपाट प्रत जपून ठेवायची, सुधारलेली प्रत वेगळी. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन्ही चॅनल. सव्वातीन मिनिटांच्या एका बाजूला ११० एमबीच्या आसपास जागा लागते. तबकडी मोनो आहे तरी दोन्ही चॅनल घ्या. खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते, नंतर चांगलं चॅनल निवडता येतं.

२० मे

आजपासून नाट्यपदं. आणि आजच कामाची दिशा ठरली.

लेबलवर काय असतं? गायकाचं नाव, पदाचे पहिले शब्द, फार तर नाटकाचं नाव आणि राग. ‘स्वयंवर’च्या तबकडीवर बालगंधर्वांचं नाव ठळक. पण १९१६ च्या त्या नाटकाच्या चाली भास्करबुवा बखल्यांनी दिल्या, त्यांत ख्यालाच्या बंदिशींची घडण आहे, हे लेबल वाचून कळत नाही. ‘मानापमान’ १९११ चं. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, पूरब अंगाची ठुमरी त्यांनी मराठी रंगमंचावर आणली. ‘एकच प्याला’ १९१९ चं, गडकऱ्यांचं. पण गडकरी नाटक रंगमंचावर यायच्या आधीच गेले, त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली, आणि चालींसाठी बालगंधर्वांनी सुंदराबाई जाधवांची मदत घेतली. याच सुंदराबाई पुढे ‘माणूस’ चित्रपटात नायकाची आई झाल्या. एवढी माणसं एका तबकडीमागे उभी आहेत आणि लेबलावर एकच नाव.

मग खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून नाटकांच्या छापील प्रती शोधल्या. तीन मिळाल्या, एकीची पानं वाळवीने खाल्लेली. त्यांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ असते : राग, ताल आणि पुढे ‘चाल’, म्हणजे हे पद कोणत्या आधीच्या गाण्यावर बेतलं आहे त्याचे पहिले शब्द. कधी हिंदी बंदिश, कधी लावणी, कधी आधीच्या नाटकातलं पद. साकी, दिंडी, अंजनीगीत असा पद्यप्रकार असेल तर तेही लिहिलेलं. १८८० च्या ‘शाकुंतल’पासून, १८८२ च्या ‘सौभद्र’पासून आपल्या नाटककारांचा हा रिवाज आहे. उसनं घेतलं ते पदाच्या डोक्यावर लिहिलं आणि त्याने पदाची किंमत कमी झाली नाही. उलट गाणाऱ्याला वाट मिळाली.

आमच्या यादीत हा रकाना नव्हता. आज घातला : चाल. आतापर्यंत झालेल्या सगळ्या नोंदी उघडून पुन्हा भरायच्या. माझं ठाम मत झालं आहे की या कामाचा प्राण हा रकाना आहे. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी तो पहिल्या दिवशीच घालावा.

२९ मे

एका तबकडीचं लेबल पूर्ण गेलेलं. गाणं संपताना बाईंनी स्वतःचं नाव सांगितलं म्हणून ओळख पटली. ही जुन्या ध्वनिमुद्रणांतली रीत. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं तेव्हापासूनची. तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तिथल्या कारागिरांना गायक ओळखू यावा म्हणून शेवटी नाव उच्चारायचं. त्यामुळे गाणं संपलं की लगेच सुई उचलू नका. दोन बाजूंच्या फाइली शेवटच्या स्वराला छाटलेल्या होत्या, त्या पुन्हा उतरवल्या.

शिवाय लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला आकडा असतो, मॅट्रिक्स नंबर. तो तिरक्या उजेडात वाचून लिहा. लेबल नंतर बदललं जाऊ शकतं, हा आकडा मूळ मुद्रणाचा.

८ जून

चित्रपटगीतं. इथे डोक्यावर ‘चाल’ नाही. एका ओळीत चित्रपटाचं नाव आणि काम संपलं.

‘संत तुकाराम’, १९३६. पाकिटावर कोणीतरी सुंदर अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं, ‘आधी बीज एकले, तुकोबांचा अभंग’. वाचनालयात जमलेल्या सगळ्यांनी मान डोलावली. हा अभंग तुकोबांचा नाही. चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिला, संगीत केशवराव भोळ्यांचं. तो इतका तुकोबांच्या वळणाचा झाला की जाणत्यांनाही तो गाथेतला वाटला. एका काकूंना हे पटेना. ‘आमच्या घरी आजी म्हणायची तो, चित्रपट न पाहता.’ त्यांचंही खरं आहे. चित्रपटातून घरात आला आणि घरात आल्यावर चित्रपट गळून पडला. आम्ही नोंदीत आठवल्यांचं नाव घातलं आणि शेऱ्यात काकूंचं म्हणणंही घातलं, कारण गाणं कसं पसरलं याचा तो पुरावाच आहे.

‘अमर भूपाळी’, १९५१. ‘घनश्याम सुंदरा’. शब्द शाहीर होनाजीचे, चाल वसंत देसायांची, आवाज पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांचे. ‘गीतकार’ आणि ‘संगीतकार’ यांच्यात शंभरावर वर्षांचं अंतर. यादीत ‘साल’ हा एकच रकाना होता, तो फोडून ‘शब्दांचं साल’ आणि ‘मुद्रणाचं साल’ असे दोन करावे लागले.

‘माणूस’, १९३९. ‘कशाला उद्याची बात’, शांता हुबळीकर, मास्टर कृष्णराव. यात मराठीखेरीज इतर भारतीय भाषांतली कडवी आहेत. ‘भाषा’चा रकाना एकच उत्तर घेत होता, तोही दुरुस्त केला. अशा दुरुस्त्यांत आठवडे जातात, आणि त्या आधी सुचत नाहीत. गाणीच त्या शिकवतात.

१९ जून

पाऊस लागला. हवेतल्या ओलीने नव्या पाकिटांना वास येऊ लागला, दोन लेबलांवर बुरशी. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, उतरवणी बंद ठेवली. विजेचा लपंडाव सुरू असताना टर्नटेबल लावण्यात अर्थ नाही, बाजू मध्येच मंदावते.

२७ जून

खरखर काढायचा प्रयोग. ऑडॅसिटीतला नॉइज रिडक्शन एका ख्यालाच्या तबकडीवर जोरात लावला. खरखर गेली आणि तंबोराही गेला. सॉफ्टवेअरला एकसारखा चालणारा आवाज म्हणजे कचरा, आणि तंबोरा तर एकसारखाच चालतो. गायक पोकळीत गातोय असं झालं. सारंगीची कडही बोथट झाली. ते सगळं काढून टाकलं. आता फक्त टकटक काढतो, तीही एकेक पाहून, आणि खरखर राहू देतो. कानाला दोन मिनिटांत तिची सवय होते, तंबोरा गेला तर तो परत आणता येत नाही.

६ जुलै

आमचे पेटीवाले अण्णा रोज येतात. त्यांनी एका नाट्यपदाला पेटी लावली तर स्वर पेटीच्या काळी एक आणि पांढरी दोन या लागोपाठच्या पट्ट्यांच्या मध्येच पडला. गती सहा टक्क्यांनी हलली की जवळजवळ एक अर्धस्वर सरकतो, आणि १९२५ च्या आधीची, भोंग्यासमोर गाऊन केलेली मुद्रणं सगळी ७८ ची नसतात. लेबलवर ७८ असलं तरी. अण्णांची पेटीही जुन्या सुराची, म्हणून तीही प्रमाण नाही. तोडगा : एकाच पदाच्या दोन बाजू एकाच स्वरात यायला हव्यात. तसं झालं नाही तर गती संशयास्पद. आणि गायकाच्या इतर मुद्रणांतली पट्टी माहीत असेल तर तिच्याशी ताडायचं. तरीही सपाट प्रतीची गती बदलत नाही, शेऱ्यात लिहितो.

याचा चालीशी संबंध आहे. चुकीच्या गतीने वाजलेलं पद ऐकून दोन चाली सारख्या किंवा वेगळ्या आहेत असं ठरवलं तर सगळा निवाडा वाया जातो.

१४ जुलै

आता वादाचा भाग. ‘चाल’चा रकाना आहे हे कळल्यापासून जो येतो तो सांगतो, अमुक गाणं तमुकावरून उचललं. यादी अशी वाढली की तिला शिस्त लावावी लागली. अण्णा म्हणाले, ‘ज्योती कलश छलके’ आणि ‘घनश्याम सुंदरा’ एकाच घरातले वाटतात, लिहा. मी म्हटलं, ‘अण्णा, तुम्हीच सांगा, भूपाच्या स्वरांत सकाळ गायची म्हटल्यावर दोन संगीतकार किती लांब जाणार?’ त्यांनी दोन्ही पुन्हा पेटीवर काढली, बराच वेळ वाजवत राहिले आणि म्हणाले, ‘राग लिहा, चाल नको.’ आमचा पहिला नियम हाच झाला. राग एक असणं म्हणजे मूळ एक असणं नव्हे. भैरवी, पिलू, भूप यांत तर मुळीच नाही.

दुसरा नियम : प्रत्येक दाव्यापुढे तो कशाच्या बळावर आहे ते लिहायचं. तीन शब्द ठरवले. ‘छापील’, म्हणजे नाटकाच्या पुस्तकात, चित्रपटाच्या पुस्तिकेत किंवा श्रेयनामावलीत आहे. ‘ऐकीव’, म्हणजे माणसं सांगतात. ‘कानाचा कौल’, म्हणजे दोन्ही गाणी लागोपाठ वाजवून आम्ही ठरवलं, आणि कोणती सुरावट कुठे जुळते तेही लिहिलं.

कानाचा कौल स्पष्ट असलेली उदाहरणं आहेत. ‘छाया’ या १९६१ च्या चित्रपटात सलील चौधरींनी ‘इतना न मुझसे तू प्यार बढ़ा’ला मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरुवातच घेतली आहे. ‘आवारा’तल्या ‘घर आया मेरा परदेसी’मागे इजिप्तच्या उम्म कुलसुमचं ‘अला बलद एल महबूब’ उभं आहे. सचिनदेव बर्मनांचं १९५१ चं ‘ठंडी हवाएँ’, रोशनचं १९६६ चं ‘रहें न रहें हम’ आणि राहुलदेव बर्मनांचं १९८५ चं ‘सागर किनारे’ लागोपाठ लावा, धागा ऐकू येतो. पण तिन्ही गाणी आपापल्या जागी भरून उभी आहेत. सुरुवात घेऊन संगीतकार पुढे कुठे गेला हे लिहिल्याशिवाय ‘यावरून’ एवढंच लिहिणं अन्यायाचं आहे. म्हणून शेऱ्यात आम्ही दोन गोष्टी लिहितो, काय घेतलं आणि त्यात काय घातलं. सलीलदांच्या बाबतीत दुसरी ओळ पहिलीपेक्षा मोठी झाली.

२३ जुलै

इंदूरच्या नोंदी. इथे भावना जास्त, म्हणून काळजीही जास्त घेतली.

‘बैजू बावरा’, १९५२, संगीत नौशाद. ‘आज गावत मन मेरो झूम के’. पडद्यावर तानसेन आणि बैजू, आवाज उस्ताद अमीर खाँ आणि द. वि. पलुस्करांचे. अमीर खाँ आमच्या इंदूरचे. तबकडीच्या एका बाजूवर विलंबित ख्यालाचा हा बादशहा तीन-साडेतीन मिनिटांत सगळं सांगून जातो. १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’चं शीर्षकगीतही त्यांचं, वसंत देसायांच्या संगीतात. नोंद घालताना वाचनालयातले सगळे उठून ऐकायला आले.

‘महल’, १९४९, ‘आएगा आनेवाला’, खेमचंद प्रकाश. या गाण्याच्या मूळ तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं गेलं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. ज्या लता मंगेशकरांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ ला याच शहरात झाला, त्यांचं नाव त्यांच्या या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर नव्हतं. यादीत ‘लेबलवरचं नाव’ आणि ‘खरा आवाज’ हे दोन रकाने वेगळे हवेत याचं याहून मोठं कारण कोणतं सांगू?

‘चलती का नाम गाड़ी’, १९५८, ‘पाँच रुपैया बारह आना’. किशोरकुमार खंडव्याचे, शिक्षण इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात. कॉलेजच्या कँटीनची तेवढी उधारी राहिली होती, त्यावरून गाण्यातला आकडा आला, असं शहरातला प्रत्येक माणूस सांगतो. नोंद घातली ‘ऐकीव’ म्हणून. त्यावर एक ज्येष्ठ सभासद रागावले. त्यांना समजावलं की ऐकीव म्हणजे खोटं नव्हे. शब्द मजरूह सुलतानपुरींचे, संगीत सचिनदेव बर्मनांचं, ते छापील आहे. उधारीची गोष्ट ज्या रकान्यात शोभते त्या रकान्यात ती राहील आणि तिथे ती मानाने राहील.

२ ऑगस्ट

‘पारंपरिक’ हा शब्द आजपासून एकटा लिहायचा नाही.

एखाद्या गाण्यापुढे ‘पारंपरिक’ लिहिलं की शोध तिथेच थांबतो. ‘मुग़ल-ए-आज़म’मधलं ‘मोहे पनघट पे’ कित्येक जण परंपरेचं समजतात, पण त्याच्यामागे गुजराती रंगभूमीचे कवी रघुनाथ ब्रह्मभट्ट आहेत. ‘फूल गेंदवा न मारो’ मन्ना डेंच्या आवाजात १९६४ च्या ‘दूज का चाँद’मध्ये आलं, त्याआधी ती ठुमरी रसूलनबाईंनी गायली होती. ‘बाबुल मोरा’ १९३८ च्या ‘स्ट्रीट सिंगर’मध्ये सैगलांनी घरोघरी नेलं, शब्द वाजिद अली शाहचे मानले जातात. परंपरा म्हणजे कोणीही नव्हे. कोणीतरी लिहिलेलं, कोणीतरी गाऊन जपलेलं असतं.

शेजारच्या देवासला कुमार गंधर्वांनी याचीच दुसरी बाजू दाखवली. १९४८ पासून ते तिथे राहिले, माळव्यातली लोकगीतं त्यांनी गोळा केली आणि त्या धुनांमध्ये दडलेले राग काढले, धुनउगम राग. ‘सहेली तोडी’, ‘लगनगंधार’ ही त्यांतलीच नावं. बाया दळताना, लग्नात, झोक्यावर जे गातात त्यातून राग निघतो हे त्यांनी गाऊन सिद्ध केलं. म्हणून लोकधून असेल तर आता आम्ही लिहितो : कोणत्या भागातली, कोणत्या प्रसंगाची, कोण गात असे. कळलं तेवढं. दोन माळवी मावश्या वाचनालयात येऊन ऐकणार आहेत, त्यांच्यासाठी दहा-बारा बाजू काढून ठेवल्या.

१३ ऑगस्ट

विचारणा आली की हे सगळं इंटरनेटवर टाकणार का. नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो, पण शब्द आणि संगीत यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. वसंत देसाई १९७५ ला गेले, ग. दि. माडगूळकर १९७७ ला. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी चाल किंवा शब्द मोकळे नसतील. ‘स्वयंवर’ आणि ‘मानापमान’ लिहिणाऱ्या खाडिलकरांच्या (मृत्यू १९४८) आणि टेंब्यांच्या (मृत्यू १९५५) पदांचा प्रश्न आता उरलेला नाही. बाकी सगळं वाचनालयात बसून ऐकायचं. यादी मात्र सगळ्यांना खुली.

आणखी एक. चित्रपटाचं सगळं संगीत तबकडीवर नसतं. दहा इंची तबकडीत सव्वातीन मिनिटं, त्यात न मावलेलं कडवं गाळलं जाई, कधी पडद्यावरचं गाणं वेगळं आणि तबकडीसाठी गायलेलं वेगळं. पार्श्वसंगीत तर जवळजवळ कधीच नाही. आणि १९३७ च्या ‘कुंकू’त ते शोधू नका, केशवराव भोळ्यांनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही, प्रसंगातले खरे आवाज तेवढे ठेवले. लाँगफेलोची इंग्रजी कविता शांता आपट्यांच्या तोंडी आहे ती त्याच चित्रपटात. म्हणून चित्रपट मिळत असेल तर तो पाहून तबकडीशी ताडायचा, ‘पडद्यावर वेगळं’ असा शेरा घालायचा.

२५ ऑगस्ट

आजवरचा खर्च, कोणाला अंदाज हवा असेल तर : टर्नटेबल ९५००, सुई २८००, पट्टा ६५०, इंटरफेस ७२००, न वापरलेला प्रीअँप ३२००, दोन हार्ड डिस्क ९२००, कपाट १४००, पाकिटं २६००, धुलाईचं सामान ७००. एकूण ३७,२५० रुपये. प्रीअँप टाळला तर ३४,०५०. दोन डिस्क हव्यातच, एक वाचनालयात आणि एक दुसऱ्या घरी.

पहिली ट्रंक पूर्ण झाली. कडेपासून चिरलेल्या तबकड्या वेगळ्या आहेत. कडेला बारीक टेप लावून, सुई हलकी ठेवून त्या वाजतात हे दोन बाजूंवर पाहिलं, डिंक लावू नये. दुसऱ्या ट्रंकेत वर दीनानाथ मंगेशकरांची पदं दिसताहेत, ‘रणदुंदुभि’ आणि ‘संन्यस्त खड्ग’ची. त्यांच्या चाली गायक रामकृष्णबुवा वझे यांच्या, एवढं छापील आहे. वझेबुवांनी त्या कुठून आणल्या हे पदांच्या डोक्यावरच सापडेल, म्हणून या दोन नाटकांच्या जुन्या, चालींसह छापलेल्या प्रती शोधतो आहे. ग्वाल्हेर, बडोदा किंवा नागपूरच्या कोणत्या वाचनालयात त्या असतील तर पदांच्या डोक्यावरच्या ओळींचे फोटो हवे आहेत. पूर्ण पुस्तक नको, त्या ओळी पुरेत.